४० मेगावॉट, ४१ गट: कर्जदस्तांच्या कामाची नोंदवही

प्रकल्पकर्जांमध्ये बँकांची वकील म्हणून काम करते. मुंबईत फोर्टात दोन खोल्यांचं ऑफिस, मी आणि एक ज्युनिअर. २०२५ साली सौर प्रकल्पाचं एक काम ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ खाऊन गेलं. असं काम पहिल्यांदा अंगावर घेणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून त्या वेळच्या नोंदी इथे ठेवते. पक्षकार, गाव आणि तालुका काढून टाकलेत, आकडे ओळख पटणार नाही इतपत गोल केलेत. चुका मात्र जशाच्या तशा आहेत.

७ जुलै २०२५, सोमवार

नेमणुकीचं पत्र आलं. सोलापूर जिल्ह्यात ४० मेगावॉटचा सौर प्रकल्प, तीन कारखान्यांसाठी कॅप्टिव्ह, म्हणजे वीज मुख्यतः त्यांच्याच वापरासाठी. खर्च २०० कोटी, कर्ज १५० कोटी: एका बँकेचे ९०, एका वित्तसंस्थेचे ६०. मी दोघांची वकील, म्हणजे कंपनीची नाही. तरी माझी फी कंपनीच भरणार. या धंद्याची ही गंमत सुरुवातीला कुणी सांगत नाही. ज्याला आपण रोज नकार देतो, त्याच्याकडेच बिल पाठवायचं असतं.

फी ९ लाख, ठोक. माझा अंदाज १६० तासांचा. दस्तांचे मसुदे तयार आहेत, मागच्या कामातलेच फिरवायचे, असं मनात धरलं होतं. जमिनीसाठी ४० तास धरले. पहिली चूक ही.

१४ जुलै

बँकेत बैठक. रिझर्व्ह बँकेच्या प्रकल्पकर्जांबाबतच्या नव्या सूचना १९ जूनला निघाल्या आहेत, लागू होणार १ ऑक्टोबरपासून. त्याआधी फायनान्शियल क्लोजर (पैशांची जुळणी कायद्याने पक्की होणं) झालेल्या प्रकल्पांना जुनेच नियम. त्यामुळे कंपनीला घाई, बँकेलाही थोडी घाई. नव्या नियमांत बांधकामाच्या काळात बँकेला कर्जाच्या १ टक्का तरतूद बाजूला ठेवावी लागेल. शिवाय अशा खासगी प्रकल्पात ७५ टक्के जमीन ताब्यात आल्याशिवाय पैसे सोडता येणार नाहीत.

ठरलं ते असं: ३० सप्टेंबरपूर्वी सगळ्या सह्या. अकरा आठवडे हातात. मीही मान डोलावली.

२१ जुलै

सातबाऱ्यांचा गठ्ठा आला. एकूण ४१ गट, १६० एकर, सगळी जमीन भाडेपट्ट्याने. आम्ही दोघींनी तीन दिवस बसून तक्ता केला:

स्वच्छ दिसणारे २९ गट, १११ एकर (यातल्या ६ गटांचे भाडेपट्टे मे महिन्यातच नोंदलेले). सोसायटीचा किंवा सरकारी बोजा असलेले ५ गट, १७ एकर. वारसांची भानगड ४ गटांत, १४ एकर. भोगवटादार वर्ग २ म्हणजे नवीन शर्तीचे २ गट, ११ एकर. इतर हक्कात पुनर्वसनाचा शेरा असलेला १ गट, ७ एकर.

वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय भाड्याने देता येत नाही आणि ती परवानगी सप्टेंबरपर्यंत मिळणार नाही, हे मी त्याच दिवशी लिहून कळवलं. पुनर्वसनाच्या शेऱ्याचंही तेच. कंपनीच्या जमीन-अधिकाऱ्याचं उत्तर: ‘मॅडम, होऊन जाईल.’ या दोन शब्दांवर मी पुढे चार महिने घालवले.

२९ जुलै, नागपंचमी

जागेवर गेले. पंचमीला औत चालत नाही, जमीन खणत नाहीत, त्यामुळे सगळे घरी भेटतील हा हिशेब. तो बरोबर निघाला, पण वेगळ्याच कारणाने.

वारसांच्या चार गटांपैकी एका घरी गेलो. सातबाऱ्यावर दोन भाऊ. वडील २०११ साली गेले, वारस नोंद झाली ती या दोघांचीच. ओसरीवर चहा झाला, पुरणाची दिंडं झाली. आत झोपाळा बांधला होता, त्यावर दोन बायका गाणी म्हणत होत्या. या कोण, विचारलं. ‘बहिणी. पंचमीला माहेरी आल्यात.’

सातबाऱ्यावर दोन आणि घरात चार.

मुलींचा हक्क जन्मापासून, हे विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. वडील कधी गेले याने त्यात फरक पडत नाही. कंपनीच्या स्थानिक वकिलाच्या शोध अहवालात बहिणींचा उल्लेखच नव्हता. त्याने फेरफार वाचला होता आणि फेरफारात त्या नव्हत्याच. कार्यालयात बसून मलाही कळलं नसतं.

थोरलीला विचारलं, भाडेपट्ट्यावर सही द्याल का? ती म्हणाली, ‘सही देते की. पण वकीलबाई, भाड्यात माजं नाव कुटं हाय?’ भाऊ खाली बघत राहिला. एकरी वर्षाला ५५ हजार भाडं, चार एकर. प्रश्न रास्त होता आणि उत्तर देणं माझं काम नव्हतं. बहिणींना संमती देणार म्हणून दस्तात घ्या आणि भाड्याची वाटणी त्यांच्या-त्यांच्यात लेखी ठरू द्या, एवढं कंपनीला कळवलं. यात बरेच आठवडे गेले, पण ते वाया गेले असं मी मानत नाही.

६ ऑगस्ट

आजची नोंद लाजिरवाणी आहे.

मे महिन्यात नोंदलेल्या त्या सहा भाडेपट्ट्यांना मी ‘पुरेसे मुद्रांकित’ असा शेरा देऊन टाकला होता. पहिल्या पानावर मुदत २५ वर्षं, मुद्रांक शुल्कही २५ वर्षांच्या हिशेबाने. आज दुसऱ्याच कलमासाठी अकरावं पान उघडलं, तर तिथे लिहिलेलं: ‘भाडेकरूच्या इच्छेनुसार आणखी ५ वर्षं नूतनीकरण.’

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३६ मध्ये नूतनीकरणाची मुदत दस्तात लिहिलेली असेल तर ती मूळ मुदतीतच धरतात. २५ आणि ५ मिळून ३०. २९ वर्षांपर्यंत बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवर शुल्क लागतं, २९ ओलांडली की ९० टक्क्यांवर. म्हणजे सहाही दस्त कमी मुद्रांकाचे, आणि कमी मुद्रांकाचा दस्त कलम ३४ प्रमाणे पुराव्यात घेता येत नाही. ज्या भाडेपट्ट्यावर आमचं तारण उभं राहणार, तोच लंगडा.

तूट मिळून सव्वा लाखाच्या आत. त्यावर महिन्याला २ टक्के दंड. एवढ्या फुटकळ रकमेसाठी जिल्ह्याच्या मुद्रांक कार्यालयात प्रकरण लावून ते निकाली निघायला तीन आठवडे लागले. नूतनीकरणाचं कलम चुकदुरुस्ती पत्राने काढून टाकू, अशी सूचना कंपनीकडून आली. दस्तावर सही झाली तेव्हाच शुल्काची जबाबदारी उभी राहिली, नंतर कलम खोडून ती जात नाही. पैसे भरा आणि मोकळे व्हा, असं सांगितलं.

बाकी सगळ्या भाडेपट्ट्यांची मुदत सरळ २८ वर्षं ११ महिने केली, नूतनीकरणाचा शब्दही नाही. बँकेला मी स्वतःहून पत्र लिहून आधीचा शेरा मागे घेतला. तिथल्या साहेबांनी फोनवर फक्त ‘बरं झालं आत्ता दिसलं’ म्हटलं. ज्युनिअरला ओरडणार होते, पण शेऱ्याखाली सही माझी होती.

२० ऑगस्ट

आज दिवसभर ०.६ टक्क्यावर वाद.

प्रवर्तकाकडे प्रकल्प कंपनीचे ७४ टक्के शेअर, तीन कारखान्यांकडे मिळून २६. दोन्ही लेंडरना (कर्ज देणाऱ्यांना) प्रवर्तकाच्या हिश्शातून कंपनीचे ५१ टक्के शेअर प्लेज, म्हणजे तारण हवेत, सिक्युरिटी ट्रस्टीच्या (दोघांच्या वतीने तारण धरणाऱ्या संस्थेच्या) नावे. बँकिंग नियमन कायद्याचं कलम १९(२) सांगतं की कुठल्याही कंपनीचे ३० टक्क्यांहून जास्त शेअर बँकेने धरायचे नाहीत, तारण म्हणूनसुद्धा नाहीत. वित्तसंस्थेला हे कलम लागू नाही. ट्रस्टी दोघांसाठी धरतो, म्हणून बँकेचा हिस्सा कर्जाच्या प्रमाणात मोजायचा, इतपत बँकेचा विधी विभाग मानायला तयार. पण कर्जात बँक ६० टक्के. ५१ चे ६० टक्के म्हणजे ३०.६.

मी सुचवलं, प्लेज ४९ वर आणा आणि उरलेल्या दोन टक्क्यांवर शेअर न विकण्याची हमी घ्या. वित्तसंस्थेला ५१ च्या खाली यायचं नाही, कारण वसुलीची वेळ आली तर कंपनीचा ताबा हातात हवा. मग तुमचं कर्ज वाढवा, म्हटलं. त्यांची मंजुरी ६० कोटींचीच, वाढवायची तर पुन्हा समितीकडे जावं लागेल. कुठेच न पोचता संध्याकाळी उठलो.

२७ ऑगस्ट ते २ सप्टेंबर

गणपती. काम शून्य. डीएसआरए (कर्जफेडीसाठीचा राखीव निधी) रोखीत ठेवायचा की बँक हमीने, हा एकच मुद्दा फोनवर वीस मिनिटांत मिटला: दोन तिमाहींचा हप्ता आणि व्याज, पहिले सहा महिने हमी चालेल. काही मुद्दे असे आपोआप मिटतात. मग त्यांच्यावर आधी तीन पानं का लिहिली होती, असं वाटतं.

४ सप्टेंबर

काल जीएसटी परिषदेची बैठक झाली. सौर उपकरणांवरचा कर १२ वरून ५ टक्के, २२ सप्टेंबरपासून. सौर प्रकल्पाच्या ठेक्यात ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेवर १८ टक्के कायम. म्हणजे ठेक्यावरचा एकूण बोजा १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर आला. विजेवर जीएसटी नसल्याने हा कर परत मिळत नाही, तो थेट खर्चातच बसतो. ठेका १६० कोटींचा, म्हणजे पावणेआठ कोटींच्या वर खर्च कमी. ईपीसी करारात (प्रकल्प उभारणीच्या या ठेक्यात) कर बदलल्यास फरक मालकाला द्यायचं कलम आहे का, ते आधी तपासलं. नशिबाने होतं.

प्रकल्पखर्च २०० चा १९२ झाला, कर्ज १५० चं १४४. सगळे खूश. माझ्या मात्र पोटात गोळा, कारण मंजुरीपत्रं बदलणार, आर्थिक मॉडेल बदलणार आणि दस्तांतला प्रत्येक आकडा बदलणार.

मग रात्री लक्षात आलं. वित्तसंस्था ६० वरच ठेवली आणि कपात सगळी बँकेने घेतली तर बँक ८४. चौऱ्याऐंशी भागिले एकशे चव्वेचाळीस म्हणजे ५८.३३ टक्के. ५१ च्या ५८.३३ टक्के म्हणजे २९.७५. कलम १९(२) चा वाद करकपातीने मिटवला. दुसऱ्या दिवशी विधी विभागाने होकार दिला. मी एक कलम वाढवलं: कर्जाची प्रत्येक उचल याच प्रमाणात व्हायची, एका लेंडरने आधी आणि दुसऱ्याने नंतर असं चालणार नाही. नाहीतर मधल्या काळात प्रमाण पुन्हा ३० च्या वर जाईल.

९ सप्टेंबर

भाडेपट्ट्यांची नोंदणी ठप्प. आजवर ६२ एकर झाली, रोज दोन-तीन दस्त होत होते. परवापासून एकही माणूस दुय्यम निबंधकाकडे आलेला नाही. जमीन-अधिकाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, ‘मॅडम, पित्रं चालल्यात. घटस्थापनेपर्यंत कुणी अंगठा लावणार नाही.’

माझं माहेर पंढरपूरचं. वेळापत्रक मीच केलं होतं, त्यात गणपतीचे दिवस वगळले होते, दिवाळीही धरली होती. पितृपंधरवडा विसरले. मुंबईत वीस वर्षं काढल्याचा परिणाम, दुसरं काय. दोन आठवडे गेले.

२२ ते २६ सप्टेंबर

घटस्थापनेला नऊ दस्तांची वेळ घेतली होती. पाच झाले. मग पाऊस. सीनेला पूर, महामार्ग बंद, वाड्या-वस्त्यांवरची माणसं छपरावर. जागेचा काही भाग ओढ्याकाठी, तिथे गुडघाभर पाणी साचल्याचे फोटो आले. ज्यांची उभी तूर नि कांदा गेला, त्यांना सहीसाठी फोन करायचा नाही, असं मी कंपनीला सांगितलं. त्यांनीही ऐकलं, हे इथे नोंदवायला हवं.

२६ ला संध्याकाळी बँकेचं सुधारित मंजुरीपत्र आलं, ८४ कोटींचं. समितीच्या दोन बैठका उलटून आलं.

३० सप्टेंबर

जुळलं नाही.

नव्या सूचनांत फायनान्शियल क्लोजरची व्याख्या अशी: प्रकल्पखर्चाच्या किमान ९० टक्के भांडवल-रचना सगळ्यांवर कायद्याने बंधनकारक झाली ती तारीख. कर्ज १४४, म्हणजे ७५ टक्के. उरलेले १५ टक्के भागभांडवलातून पक्के हवेत. प्रवर्तकाचं हमीपत्र काल रात्री आलं. दुसऱ्याच ओळीत ‘संचालक मंडळाच्या मंजुरीच्या अधीन’. त्याला बंधनकारक म्हणता येत नाही. मंडळाची बैठक ७ ऑक्टोबरला.

दुपारी कंपनीच्या सीएफओंचा फोन: आज तारीख टाकून ठेवू, सह्या आठवडाभरात करू. मी नाही म्हटलं. ते चिडले आणि म्हणाले, सगळेच करतात. फ्रँकिंगवर तारीख असते, डीमॅटवर असते, विमानाच्या तिकिटावरही असते. पाच वर्षांनी कर्ज थकलं की समोरचा वकील पहिल्यांदा तेच काढतो. आणि खाली अभिप्राय माझ्या सहीचा जाणार. बँकेच्या साहेबांनाही लगेच कळवलं, म्हणजे नंतर ‘वकिलाने सांगितलं नाही’ असं व्हायला नको.

आजपर्यंत नोंदलेली जमीन ८६ एकर. १६० च्या ५४ टक्केही नाही.

८ ऑक्टोबर

नव्या नियमांत काम पुन्हा सुरू. तरतूद वाढणार म्हणून बँकेने व्याजात ०.१० टक्का मागितला, ०.०५ वर मिटलं. पहिल्या उचलीच्या अटींत नवी ओळ: १२० एकर नोंदणीकृत ताब्यात, त्यावर माझा दाखला.

दस्तांत सगळ्यात जास्त खल झाला तो कॅप्टिव्हच्या कलमावर. त्यातही माझी एक चूक निघाली. विद्युत नियम २००५ मधला नियम ३ असा: वापरणाऱ्यांकडे मिळून किमान २६ टक्के मालकी हवी, आणि वर्षाला तयार होणाऱ्या विजेतली किमान ५१ टक्के त्यांनी वापरायला हवी, तीही आपापल्या शेअरच्या प्रमाणात, १० टक्के इकडेतिकडे. आपला प्रकल्प कंपनीच्या स्वरूपात असला तरी हे प्रमाण पाळावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगून टाकलंय. कॅप्टिव्हचा दर्जा गेला की क्रॉस सबसिडी अधिभार (वितरण कंपनीला द्यायचा जादा आकार) लागतो आणि स्वस्त विजेचं गणित कोसळतं. म्हणून मी मसुद्यात लिहिलं: ‘कोणत्याही तिमाहीत वापर ५१ टक्क्यांखाली गेल्यास कसूर’, म्हणजे कर्जाच्या अटींचा भंग.

कंपनीच्या वकिलाने शांतपणे विचारलं, नियमात मोजमाप वर्षाचं आहे, तुम्ही तिमाही कुठून आणली? आणली होती व्याजाच्या कलमातून, सवयीने. पावसाळ्यात वीज कमी, शिवाय तिघांपैकी एक सूतगिरणी, तिचं काम हंगामावर. माझ्या कलमाने दर वर्षी एकदा तरी उगाचच कसूर घडली असती. बदलून घेतलं: मोजमाप वर्षअखेर, तिमाहीला फक्त माहिती द्यायची. एखादा कारखाना बंद पडला तर नवा वापरकर्ता आणायला १८० दिवस.

कारखान्यांचे २६ टक्के शेअर प्लेजमध्ये घेतलेच नाहीत. वित्तसंस्थेला ते हवे होते. पण ते जप्त केले की मालकी २६ च्या खाली जाणार आणि ज्या प्रकल्पातून वसुली करायची तोच महाग होणार. शेअर विकणार नाही एवढी हमी घेऊन भागवलं.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

सह्यांच्या प्रतींची तयारी. ज्युनिअरने हमीपत्र आणि किरकोळ करार १०० रुपयांच्या मुद्रांकावर छापून ठेवलेले. गेल्या ऑक्टोबरपासून अशा दस्तांना ५०० लागतात. मीच वर्षभरापूर्वी तिला दिलेल्या यादीत १०० लिहिलेलं, ती यादी कुणी बदललीच नव्हती. सह्यांआधी सापडलं म्हणून काही हजारांत सुटलो. जुन्या यादीवर तारीख घाला, ही सवय आजपासून.

बँकेच्या छापील यादीत कंपनी कायद्याच्या कलम १८० चा (कर्ज आणि तारणाला भागधारकांच्या मंजुरीचा) विशेष ठरावही मागितला होता. खासगी कंपनीला जून २०१५ पासून त्याची गरज नाही. दोनदा लिहून कळवलं, यादी काही बदलली नाही. शेवटी ठरावच करून घेतला. एका पानासाठी भांडायचं किती?

३ नोव्हेंबर

सह्या. मुंबईतच, एकाच खोलीत, सकाळी अकरा ते रात्री साडेआठ. वित्तसंस्थेचे अधिकारी दिल्लीचे, तिकडूनच सही करून पाठवतो म्हणत होते. महाराष्ट्राबाहेर सही झालेला दस्त इथे आणला की मुद्रांक अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे शुल्काचा फरक, शिवाय तिकडचं शुल्क वेगळं. विमानाचं तिकीट स्वस्त पडतं. त्यांचं मुखत्यारपत्र दिल्लीत झालेलं, त्याच्यापुरता फरक भरून घेतला.

एकूण १९ दस्त, काहींच्या चार-चार प्रती. दुपारी एका संचालकाची सही डाव्या हाताने करावी लागली, उजव्याला प्लास्टर. बँकेकडे नमुना सही उजव्या हाताची. वेगळं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, दीड तास गेला. आदल्या दिवशी फक्त ‘सगळे येताय ना’ विचारलं होतं.

१० नोव्हेंबर

हक्कलेख ठेव, म्हणजे जमिनीचे मूळ दस्त गहाण म्हणून जमा करणं. मालमत्ता सोलापुरात असली तरी ठेव मुंबईत चालते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८(फ) मध्ये मुंबईचं नाव मुळापासूनच आहे. ट्रस्टीच्या कार्यालयात मूळ भाडेपट्टे मोजायला घेतले. हवे होते २९, निघाले २८.

शोधाशोध. नोंदणीनंतर एका शेतकऱ्याने काउंटरवरून मूळ दस्त स्वतःच उचलला होता, ‘माझ्या रानाचा कागद’ म्हणून. त्याच्या दृष्टीने चूक काहीच नाही. घरी ट्रंकेत, लेकीच्या दहावीच्या मार्कलिस्टखाली ठेवला होता. जमीन-अधिकारी रात्रीच्या गाडीने घेऊन आला, दुसऱ्या दिवशी दुपारी ठेव पूर्ण. त्या शेतकऱ्याला झेरॉक्स न देता साक्षांकित प्रत द्या, असं बजावलं. कागद जाताना माणसाच्या हातात कागदच यायला हवा.

१४ नोव्हेंबर

बोजाचे पाचही गट सुटले. चार सोसायटीचे होते: ना-देय दाखला, मग फेरफार, मग पंधरा दिवसांची नोटीस. पाचवा १९९४ सालचा, विहिरीसाठी घेतलेली २,४०० रुपयांची तगाई. मूळ घेणारा गेला, फेडल्याची पावती नाही, कार्यालयातही नोंद सापडेना. शेवटी व्याजासकट पुन्हा भरली, चलन लावलं, बोजा उतरला. १४४ कोटी दीड महिना या एका ओळीमागे उभे होते. त्यात नगरपालिकांच्या निवडणुका लागल्या, तहसीलचे निम्मे लोक तिकडे.

स्वच्छ १११ आणि हे १७ मिळून १२८ एकर, ८० टक्के. आता दाखला देता येतो.

१८ नोव्हेंबर

पंचमीच्या घरचा भाडेपट्टा नोंदला गेला. चौघा भावंडांच्या सह्या, भाडं चार खात्यांत सारखं. थोरली विजापूरहून आली होती. पीडीईमध्ये (नोंदणीआधी माहिती भरायच्या ऑनलाइन नमुन्यात) तिचं नाव टाकताना ऑपरेटरने ‘संमती देणार’ लिहिलं, तिने वाचून विचारलं, ‘मालक न्हाई का?’ वारस नोंद झाल्यावर होईल, सांगितलं. तो अर्ज त्याच दिवशी ई-फेरफारला टाकून घेतला.

२० नोव्हेंबर

सीएचजी-१ (कंपनी निबंधकाकडे बोजा नोंदवायचा नमुना) दोन: एक हायपोथिकेशनचा (चल मालमत्तेच्या तारणाचा), ३ तारखेपासून ३० दिवस. एक गहाणाचा, ११ तारखेपासून ३० दिवस. ठेव दुसऱ्या दिवशी पूर्ण झाली म्हणून ११, हे ज्युनिअरने पकडलं. मी १० धरून चालले होते. संचालकाची डिजिटल सही संपलेली, नवी यायला दोन दिवस. ठेवीची सूचना दुय्यम निबंधकाकडे ऑनलाइन, तीही ३० दिवसांत. सेरसाय (तारणांची केंद्रीय नोंदणी) बँकेने स्वतः केलं.

२७ नोव्हेंबर

पहिली उचल, २४ कोटी: बँकेचे १४, वित्तसंस्थेचे १०. प्रमाण ५८.३३, दोनदा मोजलं.

माझा हिशेब: १६० तास धरले होते, लागले ३१८. त्यातले जमिनीचे १७०, फॅसिलिटी अग्रीमेंटचे (मुख्य कर्जकराराचे) ४१. फी ९ लाख, ३० सप्टेंबर चुकल्याच्या कारणावर दीड लाख वाढवून मिळाले, तेही तीन पत्रं लिहून. प्रवास आणि स्थानिक शोध-वकील धरून खिशातून ८६ हजार, त्यातले ५२ परत आले. पुढच्या वेळी जमिनीची फी गटामागे लावणार, ठोक नाही.

उरलेलं: वारसांचे ३ गट, १० एकर. वर्ग २ चे ११ एकर आणि शेऱ्याचे ७ एकर कंपनीने सोडले, शेजारच्या गावात नवीन १८ एकर बघितलेत. सातबारे आजच आले, सात गट. पहिल्याच्या इतर हक्कात काहीतरी पुसट छापलंय, वाचता येत नाही. तलाठ्याला उद्या आठच्या आत फोन (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी, पण फोनवर ते स्वतःच ‘तलाठी बोलतोय’ म्हणतात). आणि घरात बहिणी किती, ते विचारायचं.